नांगर विकायला काढलेलं मासिक

मंडळी, या शनिवारी नांगर. (पळू नका, गाडी शेवटी हापिसातल्या विकीपर्यंत येणार आहे.)

१९०३ च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. वस्तू चांगली होती. लाकडी नांगर जिथे नुसतं ओरखडल्यासारखं करतो, तिथे हा माती उचलून पालथी करायचा. तरीही पुढची दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळेना. शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की लोखंडाने जमीन विषारी होते.

ही गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी वाचलीय आणि प्रत्येक ठिकाणी ती "पाहा, किती अडाणी होते लोक" अशा थाटात सांगितलेली असते. मला हे पटत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच कारण सांगून तो नाकारला होता. म्हणजे शंभर वर्षांच्या अंतराने, एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं एकच वाक्य बोलतात. त्यात आणखी एक गंमत आहे. आपल्या लाकडी नांगराला फाळ असतो तो लोखंडाचाच! म्हणजे लोखंड जमिनीला आधीपासून लागत होतंच की. मग विष आत्ताच कुठून आलं?

मला वाटतं, शेतकरी म्हणत होता ते वेगळंच. वर्षाला एक पीक, एक बैलजोडी, डोक्यावर सावकार. नवीन अवजाराने काही बिघडलं तर कारखानदार काही त्याच्या घरी दाणे पाठवणार नव्हता. "विषारी होते" हे त्याच्या नकाराचं सर्वांत सोपं, वाद न घालता येण्याजोगं रूप होतं. आपले क्लायंट नाही का "सिक्युरिटीचा इश्यू आहे" म्हणतात? तसंच :-) खरं कारण त्याच्या मागे असतं आणि ते जाऊन, बसून, बोलूनच कळतं.

आता लाकडी नांगराचं बघा. तो गावातला सुतार बनवायचा, फाळ लोहार शेवटायचा. शेतकरी, सुतार, लोहार तिघं एकाच गावात. नांगर जरा उभट लागतोय, बैल ओढताना दमतायत, फाळ लवकर बोथट होतोय, हे सगळं पारावर किंवा भात्यासमोर बसून बोललं जायचं आणि पुढच्या हंगामात नांगर बदललेला असायचा. बलुतेदारीत वाईट गोष्टी भरपूर होत्या (त्यावर वेगळा लेख होईल), पण वापरणारा आणि बनवणारा यांच्यात बोलण्याची वाट आपोआप तयार होती. ती कोणी मुद्दाम बांधली नव्हती.

कारखान्याचा नांगर आला आणि ही वाट तुटली. ओतीव लोखंड ठिसूळ असतं. घडीव लोखंडासारखं तापवून ठोकून त्याला धार काढता येत नाही, ते फुटतं. म्हणजे फाळ झिजला की गावच्या लोहाराकडे जाऊन उपयोग नाही, कारखान्याचाच नवीन फाळ आणायचा. बनवणारा माणूस शंभर मैलांवर, त्याची तुमची ओळख नाही, मध्ये एक दुकानदार. शेतकऱ्याला काय खुपतंय ते कारखान्याला कळायला आता रस्ताच नाही. यंत्रयुगात माल स्वस्त आणि चांगला झाला हे सगळे सांगतात. बोलणं महाग झालं हे फार कमी लोक सांगतात. कारखान्याला नवीन काही सुचायचं असेल तर ही तुटलेली वाट स्वतःच्या पैशाने, मुद्दाम, परत बांधावी लागते. किर्लोस्करांची गोष्ट मला त्यासाठी आवडते.

लक्ष्मणराव स्वतः शिकले ते सगळं असं इकडून तिकडून. जन्म १८६९ चा, गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, तर रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळून शिकले. नोकरीत असतानाच १८८८ पासून भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान. सायकली लक्ष्मणरावांनी मुंबईहून पाठवायच्या, रामूअण्णांनी विकायच्या आणि वर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं! मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने सायकल आयुष्यात पाहिली नाही, त्याला नुसती सायकल विकून उपयोग नाही, तोल कसा सांभाळायचा तेही द्यावं लागतं. वस्तू आणि ज्ञान एकाच पुडीत. पुढे व्हीजेटीआयमधली बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. कडबा कापायचं यंत्र आणि मग नांगर.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि १०,००० रुपये कर्ज देऊ केलं आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीला २५ कामगार आणि त्यांची घरची माणसं. आज पुणे-मिरज मार्गावर त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी आहे.

वाडीतल्या माणसांची यादी आजच्या एचआरला दाखवली तर चक्कर येईल. कारकुनीतून आलेले आणि सगळा कारभार सांभाळणारे मंगेशराव रेगे. यंत्रापासून खाणावळ आणि आरोग्यापर्यंत कशातही हात घालणारे शंभूराव जांभेकर. शिक्षण अर्धवट सोडलेले आणि तरी कल्पक इंजिनिअर ठरलेले अनंतराव फळणीकर. राखणीला दरोड्याची शिक्षा भोगून आलेले दोघे जण. शिवाशिव पाळायची नाही असा वाडीचा नियम. यात उदारमतवाद होताच, पण मला त्यात एक इंजिनिअरिंगचा मुद्दाही दिसतो. ज्या शॉपमध्ये एकमेकांच्या हातचं पाणी चालत नाही, तिथे एकमेकांची युक्ती तरी कशी चालणार? मोल्डिंगवाल्याने मशीनवाल्याला "तुझा जॉब इथे का फुटतो ते मला माहितीय" असं सांगायला दोघं शेजारी बसून जेवावे लागतात.

(लगेच गहिवरून जाऊ नका. वाडीत शेवटचा शब्द मालकाचाच होता. वडिलकीचा कारभार. पण वडील ऐकून घेणारे होते असं दिसतं.)

आणि आता मूळ मुद्दा. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर. हाडाचे चित्रकार, व्यंगचित्रंही काढायचे. त्यांनी १९२० साली वाडीहून एक छोटंसं मासिक सुरू केलं, 'किर्लोस्कर खबर'. हेतू साधा होता. कारखान्यात काय चाललंय, काय नवीन निघालंय ते कामगारांना, विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना कळावं. थोडक्यात हाउस मॅगझीन. जगात अशी उदाहरणं आधी होती. अमेरिकेत जॉन डीअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' सुरू केलं, ते अजूनही निघतं. फरो म्हणजे नांगराचा तास. योगायोग बघा, दोन्हीकडे मासिक काढावंसं वाटलं ते नांगरवाल्यांनाच. कारण नांगर ही वस्तूच अशी आहे, की वापरणाऱ्याची माती आणि बैल माहीत नसले तर ती बनवताच येत नाही.

पुढे खबरचं काय झालं ते मराठी वाचकाला माहीत आहे. नावातला 'खबर' शब्द गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख 'किर्लोस्कर'मध्ये आले. शिकलेल्या मराठी घरांचं डोकं घडवण्यात या मासिकांचा वाटा मोठा, आणि साहित्याच्या इतिहासात त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण सगळे सुरुवात करतात ती कथा, लेख, सुधारणा यांच्यापासून. हे मूळचं एका कारखान्याचं आपल्या दुकानदारांशी बोलण्याचं साधन होतं, हे एका वाक्यात उरकलं जातं. मला तेच वाक्य मोठं करून वाचायचंय.

विचार करा, सांगली-साताऱ्याकडचा एखादा अवजारांचा दुकानदार. त्याच्याकडे कॅटलॉग आहे. कॅटलॉगात किमती असतात, चित्रं असतात. पण शेतकरी दुकानात येऊन विचारतो ते वेगळंच असतं. माझ्या रानात हरळी आहे, किती बैल लागतील? हा फाळ माळरानाला चालेल का? कॅटलॉगात याचं उत्तर नसतं. कारखान्याने आपल्याजवळचं जे माहीत आहे ते पाठवलं, तर दुकानदार नुसता माल हलवणारा न राहता जाणकार होतो. आणि जाणकार झालेला माणूसच तक्रार नीट सांगू शकतो. "नांगर बेकार आहे" आणि "काळ्या रानात, तिसऱ्या दिवशी, फाळाचं टोक झिजलं" यात जो फरक आहे, तोच "ॲप चालत नाही" आणि चांगल्या बग रिपोर्टमध्ये असतो. लोकांकडून चांगली माहिती हवी असेल तर आधी त्यांना चांगली माहिती द्यावी लागते. हा क्रम कोणी पाळत नाही.

अर्थात छापील मासिक हा मुळात एकेरी रस्ता. उलट्या दिशेची माहिती दुकानदारांकडून, पत्रांतून, फिरतीवरच्या माणसांकडून यायची. ती येत असावी असं मला वाटतं, कारण वाडीत काय काय बनलं ते पाहा. कडबा कापायचं यंत्र, नांगर, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, उसाचा चरक, पाण्याचे पंप. ही यादी म्हणजे एकाच शेतकऱ्याचं वर्ष आहे! नांगरट झाली, पाणी हवं, शेंगा निघाल्या, ऊस तुटला, बैलांना वैरण. ड्रॉइंग ऑफिसात बसून अशी यादी सुचत नाही. ज्याला एक वस्तू विकली त्याच्याकडे परत परत गेलं की सुचते.

पुढच्या पिढीत शंतनुराव एमआयटीतून इंजिनिअर होऊन १९२६ साली परतले, नंतर इंजिनं आली, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्सचा कारखाना, १९६२ साली अमेरिकन कमिन्सबरोबर भागीदारी. तो करारांचा, ड्रॉइंगांचा काळ. त्याबद्दल मॅनेजमेंटच्या पुस्तकांत भरपूर सापडेल, म्हणून इथे सोडून देतो. ड्रॉइंग कागदावर येतं. "हा बोल्ट आधी आवळ, मग तो" हे बहुतेक वेळा येत नाही.

यावरून झेरॉक्स आठवलं. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या दुरुस्तीवाल्या टेक्निशियन लोकांबरोबर राहून त्यांचा अभ्यास केला (मानववंशशास्त्रज्ञ, फोटोकॉपी मशीनवाल्यांचा! अशी नोकरी मला पण हवी). कंपनीने त्यांना जाडजूड मॅन्युअल दिलं होतं. अमुक एरर आला तर अमुक करा. प्रत्यक्षात अवघड मशीन दुरुस्त व्हायचं ते नाश्त्याला, जेवणाला जमून एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून. कंपनीच्या लेखी तो टाइमपास होता. पुढे झेरॉक्सने याच युक्त्या गोळा करणारी 'युरेका' नावाची यंत्रणा केली. टेक्निशियनने टीप लिहायची, दुसऱ्या टेक्निशियननी तपासायची आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. ते नाव फार कामाचं ठरलं.

आता आमच्या मुरबाडकडे येतो. खरं सांगायचं तर किर्लोस्करांचा तो जड नांगर आमच्याकडचा नव्हे. त्याचं काम घाटावर, काळ्या जमिनीत, हरळी आणि कुंदा मुळासकट काढायला. आमची भाताची खाचरं छोटी, बांध जवळजवळ, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. तिथे हलका लाकडी नांगरच बरा पडायचा. म्हश्याच्या यात्रेत पौषात बैल बघायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. आणि इथे तर आता नांगरच नको म्हणायची वेळ आलीय. शेजारच्या कर्जत तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली भाताची पद्धत आहे, एसआरटी. गादीवाफे एकदा करायचे, त्यावर भात टोकायचा. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. इथे शोधणारा आणि वापरणारा दोघेही शेतकरीच, त्यामुळे वाट तुटायचा प्रश्न येत नाही.

पण मुरबाडात शेतीइतकीच एमआयडीसीही आहे, आणि माझा एक काका तिथल्या एका कारखान्यात बावीस वर्षं पॉवर प्रेसवर आहे. कायम नाही, कंत्राटी. या बावीस वर्षांत कंत्राटदार तीनदा बदलला, काका त्याच प्रेसवर. पत्र्यातून तुकडा कापताना पंचाची धार गेली की तुकड्याच्या कडेला बर येते आणि माल रिजेक्ट होतो. बर दिसायला लागायच्या आधीच काकाला कळतं. तो सुपरवायझरला बोलावतो, डाय उतरवून ग्राइंडिंगला पाठवतात, माल वाचतो. कारखान्यात सूचना देण्याचा फॉर्म आहे, महिन्याला उत्तम सूचनेला बक्षीस आणि बोर्डावर फोटो. फॉर्म फक्त कायम कामगारांना. काकाची युक्ती सुपरवायझरच्या नावाने एकदा बोर्डावर लागली होती. काकाला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. "त्यानं निदान ऐकलं तरी," एवढंच म्हणाला.

मी हे ऐकून फार तावातावाने बोललो. आणि सोमवारी कल्याणहून लोकल पकडून ऐरोलीला हापिसात गेलो, तिथे काय? आमच्या प्रोजेक्टवर निम्मे लोक पार्टनर कंपनीचे. त्यांच्या गळ्यातली पट्टी वेगळ्या रंगाची. सपोर्टचे रात्रीचे कॉल तेच घेतात, म्हणजे सिस्टिम कुठे कण्हते ते फक्त त्यांनाच माहीत. आणि आमच्या विकीवर त्यांना वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. नियम आहे म्हणे. दर तिमाहीला टाउन हॉलमध्ये मात्र मोठ्ठी स्लाइड असते, इनोव्हेशन. १९२० साली एका माळावरच्या कारखान्याने दुकानदाराला आपल्यातला धरून मासिक पाठवलं. आम्ही शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला पान एडिट करू देत नाही. मी परवानगी मागायचा अर्ज टाकलाय. आज तेविसावा दिवस, स्टेटस 'इन रिव्ह्यू' :-)

तर काका. येत्या मार्चमध्ये तो काम सोडतोय, गुडघे दुखतात. त्याच्या जागी येणारा पोरगा आयटीआयचा, शहापूरकडचा, हुशार आहे. कारखान्याकडे प्रेसचं मॅन्युअल आहे, इंग्रजीत. म्हणून मी रविवारी काकाच्या ओटीवर वही घेऊन बसतो. तो सांगतो, मी मराठीत लिहितो. अकरा पानं झालीत. पत्रा कसा लावायचा, तेल किती, पावसाळ्यात काय बदलतं, डाय बसवताना कुठे हात घालायचा नाही. पंचाच्या धारेपाशी आम्ही अडलोय.

"आवाज बदलतो ना," काका म्हणतो.

"म्हणजे कसा? जड होतो? फुटका येतो?"

"नाय रे. बदलतो."

तीन रविवार झाले, वहीत त्या ओळीपुढे अजून कोरंच आहे. काल फोनवर त्या पोरालाच म्हटलं, पुढच्या रविवारी तू पण ये आणि त्याच्या आधी दोन दिवस काकाच्या शेजारी उभा राहा, तुला काय ऐकू येतं ते तू सांग. येतो म्हणालाय.